सिग्नल जनरेटरमधील नॉईज : आधी उगम शोधा

तुम्ही बांधलेल्या सिग्नल जनरेटरमधून (चाचणीसाठी विद्युत लहरी तयार करणाऱ्या सर्किटमधून) साइन लहर मिळते आहे, पण तिच्यात नॉईज, म्हणजे नको असलेले विद्युत कंप, मिसळलेला दिसतो; म्हणजे अवघड काम झालेले आहे. आता तिच्यावर स्वार झालेला नॉईज कुठून येतो, एवढेच शोधायचे आहे. सुटे भाग बदलत बसण्यापूर्वी ऑसिलोस्कोपवर (लहरीचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) त्या नॉईजची वारंवारता मोजा. ती 50 किंवा 60 हर्ट्झ असेल, तर मेन्सचा हम (घरगुती वीजपुरवठ्याची गुणगुण) वायरिंगमधून किंवा ग्राउंड लूपमधून (ग्राउंडच्या जोडण्यांतून तयार झालेल्या बंद वळशातून) शिरत असतो. त्याच्या दुप्पट असेल, तर बहुधा रेक्टिफायरनंतरचे (एसीचे डीसी करणाऱ्या भागानंतरचे) फिल्टरिंग अपुरे पडते. आणि दहा ते शंभर किलोहर्ट्झच्या दरम्यान असेल, तर पहिला संशय स्विचिंग अडॅप्टरवर घ्यावा.

त्यानंतर या क्रमाने जा :

१. प्रोबचे (ऑसिलोस्कोपच्या मोजणीच्या तारेचे) टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला जोडून सर्किटजवळ धरा. तरीही पडद्यावर काटे (टोकदार उसळ्या) दिसले, तर ते क्लिपच्या लांब तारेने पकडलेले असू शकतात आणि सर्किट निर्दोषही असू शकते. ही चाचणी नवशिके हमखास वगळतात.

२. शक्य असल्यास सर्किट बॅटरीवर चालवा; नॉईज गेला, तर तो मेन्सच्या किंवा अडॅप्टरच्या बाजूने येत होता.

३. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनला अगदी लागून 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. बोर्डाच्या कडेला एकच मोठा कपॅसिटर लावून भागत नाही, कारण मधल्या तारेचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) उच्च वारंवारतेला त्याचा उपयोग होऊ देत नाही.

हम घालवण्यासाठी ऑसिलोस्कोपची अर्थिंग मात्र कधीही तोडू नका. ते जिवावर बेतू शकते. शिल्डिंगचा (सर्किटभोवती धातूचे आवरण घालण्याचा) विचार, माझ्या मते, हे सारे तपासून झाल्यावरच करावा.