दोन महिने व्यायाम करूनही १४ वर्षांच्या मुलाचं वजन घटत नाही, मग व्यायाम सोडावा का?

नाही, अजिबात सोडू नका. काटा हलला नाही तरी फायदा होत असतो. नियमित व्यायामाने स्थूल मुलांच्या शरीराला इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडतं, यकृतातली चरबी घटते, दमसास वाढतो, आणि हे वजन न उतरताही होऊ शकतं. शिवाय उंची वाढत असेल तर तेवढ्याच वजनावर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) खाली येतो. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं सांगते. कबड्डी, पोहणं, सायकल, त्याला आवडेल ते. मात्र जांघ किंवा गुडघा दुखून तो लंगडायला लागला तर खेळ लगेच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. स्थूल मुलांमध्ये या वयात मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा सरकू शकतो, आणि कित्येकदा दुखतो फक्त गुडघा.