नवी बॅटरी टाकूनही सेकंडहँड गाडीची बॅटरी सारखी का उतरते?

तुम्ही लिहिलंय की बॅटरी नवी टाकली, तरी गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सुरू होत नाही, आणि सगळे म्हणतात, "चालवत नाही म्हणून उतरते." हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाकडून दीड वर्ष ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

माझीही गाडी वापरलेली. पहिली बॅटरी महिन्याभरात बसली. मेकॅनिकने झाकण उघडायच्या आतच "बदला" म्हणून सांगितलं. ४५ अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर करंट साधारण ४५ तास पुरेल एवढी) कोरी बॅटरी टाकली, तीही चौथ्या दिवशी गप्प. दादा म्हणाला, "रोज अर्धा तास फिरवून आण." मी काही महिने रोज काम नसताना चक्कर मारत राहिलो. एखादा-दुसरा दिवस राहिला की पुन्हा धक्का. अशी वारंवार पूर्ण उतरली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी कायमची कमजोर होते. म्हणजे माझी नवी बॅटरीसुद्धा मीच मारली, दुसऱ्याच्या सल्ल्याने.

शेवटी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर, आणला. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळाले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटर, बॅटरी चार्ज करतोय. माझे दोन्ही आकडे ठीक होते. मग चोर उभ्या गाडीतच होता.

निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं आणि मीटर दहा अँपिअरवर ठेवून सिरीजमध्ये, म्हणजे टर्मिनल आणि सुटलेली वायर यांच्या मधे, जोडला. दारं बंद, चावी लांब, बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवलं, म्हणजे गाडीला ते बंद वाटतं. मग चाळीस मिनिटं थांबलो, कारण गाडीतली कंट्रोल युनिटं, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, लगेच झोपत नाहीत. ५० मिलिअँपिअरच्या, म्हणजे ०.०५ अँपिअरच्या, आत आकडा यायला हवा होता. माझ्याकडे ०.४२ अँपिअर! दिवसाला दहा अँपिअर-अवर, तीन दिवसांत दोन तृतीयांश बॅटरी रिकामी. असं असताना अर्धा तास चक्कर मारून काय होणार?

एकेक फ्यूज काढत गेलो. म्युझिक सिस्टिमचा काढला आणि आकडा ०.०३ वर आला. आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेला स्क्रीन होता आणि बसवणाऱ्याने कायम सप्लायची पिवळी वायर आणि चावीवरची लाल वायर एकत्र पिळून टेप गुंडाळली होती. स्क्रीन काळा दिसायचा, पण आत जागाच असायचा. लाल वायर चावीवरच्या सप्लायला जोडली, बॅटरी पुन्हा एकदा बदलली, आणि गाडी मुद्दाम वीस दिवस हलवली नाही. एकविसाव्या दिवशी पहिल्याच सेलला सुरू झाली. दादा शेजारी उभा होता. तो अजून म्हणतो की तेव्हा हवा गरम होती.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: उभ्या गाडीचा करंट न मोजता जो बॅटरी विकायला निघतो, त्याच्याकडे जाऊ नका. वापरलेल्या गाडीत आधी नंतर बसवलेल्या वस्तू बघा: स्क्रीन, अँप्लिफायर, अलार्म, ट्रॅकर, कॅमेरा. मग डिकीचा दिवा. फोन व्हिडिओ रेकॉर्डिंगवर ठेवून आत टाका आणि डिकी बंद करा, कळेल. काहीच सापडलं नाही तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपासून घ्या, तो बिघडला तर बंद गाडीतही करंट खातो.

मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, त्याचा फ्यूज उडेल. काढलेला फ्यूज परत बसवला की युनिटं पुन्हा जागी होतात, तेव्हा परत थांबावं लागतं. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त होतो, तिथे मी दिलेला आकडा जसाच्या तसा धरू नका. आणि हो, तुमचा प्रवास रोज पाच-दहा मिनिटांचाच असेल तर बॅटरी खरंच पूर्ण भरत नाही. दादाचं तेवढं बरोबर आहे, पण त्याने दोन-तीन दिवसांत नवी बॅटरी झोपत नाही.