ब्राउझरचाच आवाज का जातो?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. रोज दुपारी क्रोमवर जयपूर-अत्रौली गायकीची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतो. मुलानं एचडीएमआय वायरनं मोठा मॉनिटर जोडल्यापासून मधेच आवाज जातो. संगणकात साठवलेली गाणी मात्र वाजतात. स्पीकर बदलू का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : काका, स्पीकरवर एक रुपयाही घालवू नका. साठवलेली गाणी वाजतात, म्हणजे स्पीकर आणि वायर ठणठणीत आहेत. विंडोज ११ मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज कुठून निघावा हे वेगवेगळं ठरवता येतं, आणि एचडीएमआय वायरमधून चित्राबरोबर आवाजही जातो. तुमच्या क्रोमचा आवाज बहुधा मॉनिटरकडे वळतोय, आणि बऱ्याच मॉनिटरना स्पीकरच नसतो.

बंदिश चालूच ठेवा. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. क्रोमची ओळ उघडून आउटपुट डिव्हाइस बघा. तिथं मॉनिटरचं नाव असेल तर तुमचे स्पीकर निवडा. मॉनिटरमधून आवाज नकोच असेल, तर साउंड सेटिंगमध्ये त्याच्या नावावर जाऊन ‘डोन्ट अलाउ’ दाबा. मग तो पुन्हा मधे येणार नाही.

टॅबवरही नजर टाका. राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात एक ताई थेट नवे स्पीकर घेऊनच आल्या होत्या. टॅबवर फुली मारलेला छोटा स्पीकर दिसत होता. राइट क्लिक करून ‘अनम्यूट साइट’ केलं, लगेच आवाज आला. फार वाईट वाटलं मला, पैसे गेले होते.

जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांच्या कोल्हापुरात ती गायकी मधेच तुटायला नको. एवढं करूनही आवाज गेलाच, तर मिक्सरच्या पानाचा फोटो पाठवा.