रिकाम्या कॉम्प्युटरला वीज कशाला लागते?

या वेळी पत्रांत विजेचाच विषय जास्त आहे. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे, कारण त्याच तक्रारीची पत्रं तासगावहून आणि कुपवाडहूनही आली आहेत.

प्रश्न : मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. पेढीवर चार कॉम्प्युटर. टॅलीचा डेटा एकावर, बाकीचे तीन त्याला जोडलेले. दिवाणजी रात्री एकही बंद करत नाहीत. म्हणतात, सकाळी सुरू व्हायला फार वेळ लागतो. बिल वाढलं म्हणून पुतण्यानं व्हिडिओ बघून टास्क मॅनेजर आणि सर्व्हिसेसमधून बरंच काही बंद केलं. आता शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची प्रिंट निघत नाही आणि बिल आहे तेवढंच. नक्की काय बंद करायचं?
— एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : शेठ, आधी प्रिंटचं बघू. सर्व्हिसेसच्या यादीत ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस) शोधा, त्यावर डबल क्लिक करा, स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करून स्टार्ट दाबा. पट्ट्या निघायला लागतील. पुतण्यावर चिडू नका, अशा व्हिडिओंत स्पूलरचा बळी ठरलेला असतो. पण त्यातून वीज वाचत नाही. दुकानात मी प्लगला वॉटमीटर लावून बघितलंय. स्पूलर चालू असो वा बंद, आकडा जागचा हलत नाही. जी सर्व्हिस नुसती काम यायची वाट बघत बसलेली असते, ती मेमरीत थोडी जागा अडवते, बाकी कुणाला त्रास देत नाही.

वीज खातो तो प्रोसेसरला सारखा उठवणारा प्रोग्रॅम. तुमच्या यार्डातल्या हमालासारखं आहे. गाडी नसली की तो पोत्यांच्या थप्पीवर आडवा होतो, पण दर मिनिटाला ‘गाडी आली का बघ’ म्हणून कुणी हाक मारली तर त्याला झोप कसली लागणार? प्रोसेसरही काम नसलं की आपले एकेक भाग बंद करत खोल विश्रांतीत जातो. त्याला ठरावीक वेळानं हाक मारणारा विंडोजचा टायमर एरवी सेकंदाला साधारण ६४ वेळा टिकटिकतो. काही प्रोग्रॅम तो हजारवर नेऊन ठेवतात, आणि विंडोज १० च्या २०२० मधल्या अपडेटच्या आधी एकानं असं मागितलं की सगळ्या मशीनला लागू व्हायचं. दिवाणजींच्या मशीनवर जुनं विंडोज असेल तर हे अजूनही चालू असणार.

असा प्रोग्रॅम कोणता ते शोधायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी मोठी केली की उजवीकडे ‘पॉवर युसेज ट्रेंड’ असा रकाना दिसतो. शेजारचा नुसता ‘पॉवर युसेज’ त्या क्षणापुरता असतो, त्यावर जाऊ नका. ट्रेंड थोड्या वेळाचा कल दाखवतो. माउस सोडा, एक चहा घ्या आणि मग बघा. माझा अंदाज असा : ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली, व्हिडिओ जाहिरातींची एखादी बातम्यांची साइट, किंवा कुणीतरी हौसेनं टाकलेला दुसरा अँटिव्हायरस. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस किंवा अपडेट वर दिसला तर मात्र हात लावू नका. मशीन रिकामं आहे असं बघूनच ते कामाला लागतात, आणि आज मारले तर उद्या सौद्याच्या वेळेला तेच काम काढून बसतात.

आता हिशेब, कारण तुम्हाला तोच कळतो आणि पटतो. माझ्या मीटरवर पेढ्यांवर असतो तसा साधा डेस्कटॉप नुसता बसलेला असताना ४५ वॉटच्या आसपास दाखवतो, स्क्रीन आणखी २०. म्हणजे ६५ वॉट. संध्याकाळी सातपासून सकाळी नऊपर्यंत १४ तास धरले तर एका मशीनला ०.९१ युनिट. चार मशीन, तीस रात्री : १०९ युनिट. हे महावितरणच्या बिलावरच्या तुमच्या व्यापारी दरानं गुणा. पुतण्यानं प्रोसेस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्रॅम, मारून ४५ चे ४२ केले असतील तर खूप झालं. तेच मशीन स्लीपमध्ये गेलं की दोन-तीन वॉटवर येतं. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की प्रोसेस मोजत बसू नका, मशीनला झोपू द्या, आणि ते झोपत नसेल तर कोण जागं ठेवतंय ते शोधा.

ते सांगणारी कमांड विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ घ्या. ‘पॉवर’चं पूर्ण स्पेलिंग, त्यालाच चिकटून सी, एफ, जी, मग एक जागा सोडून उजवीकडे कललेली रेघ आणि लगेच ‘रिक्वेस्ट्स’. शेवटचा एस विसरू नका. सगळीकडे ‘नन’ आलं तर अडवणारं कुणी नाही. ‘सिस्टिम’खाली ब्राउझरचं नाव आलं तर कुठेतरी गाणं किंवा व्हिडिओ चालू आहे. तुमच्या डेटाच्या मशीनवर मात्र ‘एसआरव्हीनेट’ असं नाव दिसण्याची शक्यता मोठी. त्याचा अर्थ, नेटवर्कवरचं दुसरं मशीन याच्या फाइली धरून बसलंय. दिवाणजी टॅली उघडी ठेवून घरी जातात ना, तेच ते. ती तीन जागी म्हणून हेही जागं.

म्हणून क्रम असा लावून द्या : तिन्ही मशीनवर टॅलीतून बाहेर पडून शटडाउन, सगळ्यात शेवटी डेटाचं मशीन, तेही शटडाउन. दिवसा डेटाच्या मशीनला स्लीप ‘नेव्हर’च ठेवा, फक्त स्क्रीन पाच मिनिटांत बंद होऊ द्या. कुणी वक्कल (मालाचा लॉट) टाकत असताना ते झोपलं तर टॅली बंद पडेल आणि वर डेटा बिघडायची भीती. आणि सकाळच्या वेळेबद्दल दिवाणजींचं खरं आहे. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन प्रिंटर कंपनीचे मदतनीस, चॅटची अ‍ॅप, क्लाउड सिंक वगैरे ‘डिसेबल’ करा. इथे पुतण्याला मोकळीक द्यायला हरकत नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. मग कुणी मशीन चालू ठेवायचा आग्रह धरणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. घरचा डेस्कटॉप स्लीपमध्ये ठेवून झोपतो. रात्री दोनच्या सुमारास तो आपोआप सुरू होतो आणि खोलीभर उजेड. शिवाय लाइट जाऊन आली की पूर्ण बंद केलेलाही सुरू होतो! सौ. म्हणतात प्लगच काढून ठेवत जा.
— एक वाचक, मिरज

उत्तर : सर, या दोन वेगळ्या भानगडी आहेत. दोन वाजता उठवणारं विंडोजचं ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’. त्याची मूळ वेळच पहाटे दोनची ठेवलेली असते. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिक्युरिटी अँड मेंटेनन्स’मध्ये ते सापडेल. कॉम्प्युटर उठवायची परवानगी देणारी खूण काढा आणि वेळ बदलून तुम्ही एरवी कॉम्प्युटरवर नसता पण तो चालू असतो अशी ठेवा, संध्याकाळच्या फिरण्याची वेळ चालेल. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर्स’ही बंद करा. तरी उठलाच, तर सकाळी वर सांगितलेल्याच कमांडपुढे ‘रिक्वेस्ट्स’ऐवजी ‘लास्टवेक’ लिहा, शेवटचं कुणी उठवलं ते कळतं. उत्तर माउस असं आलं तर टेबलाला धक्का लागतोय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसची उठवायची परवानगी काढून घ्या, कीबोर्डची राहू द्या.

लाइट आल्यावर सुरू होण्याशी विंडोजचा संबंध नाही. ते बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधलं सेटिंग असतं, एसी पॉवर लॉस किंवा तत्सम नावाचं. ते ‘पॉवर ऑफ’ करा. प्लग काढायचा तर शटडाउन करून काढा. स्लीपमध्ये असताना काढला तर सेव्ह न केलेलं काम गेलं.

प्रश्न : महा ई-सेवा केंद्र चालवते. लाइट गेली की दोन कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर जेमतेम तासभर टिकतात, त्यात निम्मा वेळ गिऱ्हाईक नसतं. मागे काय काय चालू असतं ते बंद करून वेळ वाढवता येईल?
— एक वाचक, विटा

उत्तर : ताई, थोडा वाढेल. क्रोम बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची मुभा त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली दिलेली असते, ती काढा. स्टार्टअपची यादी वर सांगितल्याप्रमाणे छाटा. पण बोटांच्या ठशाच्या यंत्राची ‘आरडी सर्व्हिस’ त्या यादीत दिसली तर तिला हात लावू नका, नाहीतर आधारचा अंगठा लागणार नाही आणि रांगेतले लोक तुम्हालाच बोलतील. मोठी बचत स्क्रीनची : उजेड निम्म्यावर आणा आणि दोन मिनिटांत बंद होऊ द्या. गिऱ्हाईक नसताना दुसरा कॉम्प्युटर सरळ स्लीपला घाला. लेसर प्रिंटर इन्व्हर्टरवर असेल तर आजच काढा. त्यातला शाई वितळवणारा भाग तापताना काही शे वॉट एकदम ओढतो.

आणि स्क्रीनसेव्हर लावला असेल तर तोही काढून टाका. जुन्या काचेच्या डब्यासारख्या स्क्रीनवर चित्राचा डाग पडू नये म्हणून तो असायचा, वीज त्यात कधीच वाचत नव्हती.

प्रश्न : लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) आहे. वीज कोण खातंय ते दाखवणारं पॉवरटॉप टाकून ‘ऑटो-ट्यून’ केलं, तेव्हापासून माउस दोन सेकंद सोडला की अडकतो.
— एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विश्रामबाग

उत्तर : ऑटो-ट्यूननं यूएसबी माउसलाही झोपवलंय. पॉवरटॉपच्या ‘ट्यूनेबल्स’ पानावर माउसची ओळ शोध आणि एंटर दाबून ती ‘बॅड’ कर. ‘बॅड’ वाचून घाबरू नकोस, फरक नगण्य पडतो. रीस्टार्ट केलं तरी सगळं पूर्ववत होतं. त्यापेक्षा पहिल्या पानावरचा, सेकंदाला किती वेळा कोण उठवतंय तो रकाना वाच. इंटेलनं २००७ मध्ये हे टूल काढलं ते त्यासाठीच. त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, गरज नसताना टिकटिक थांबवायची सोय आली, आणि मग ती कोण मोडतंय हे बघायला असलं काहीतरी हवंच होतं. वॉटचा अंदाज हवा असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालव.

कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर हे करणार असशील तर लॅब असिस्टंटना आधी सांग. रूटचा (मशीनच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड तुला कुठून मिळाला, हे ते विचारणारच आहेत.