क्रिएटिनिन नॉर्मल, मग मिठाने बीपी का चढतं?

तुम्ही विचारलंय, वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून काढून टाकते तो टाकाऊ पदार्थ; किडनीचं काम जोखायला तो रक्तात मोजतात) नॉर्मल असताना डॉक्टर त्यांच्या बीपीसाठी किडनीकडे बोट का दाखवतात, आणि तेच जेवण जेवून आईचं बीपी का वाढत नाही.

मी मुंबईत वैद्यकीय विद्यार्थ्यांना बरीच वर्षं फिजिऑलॉजी शिकवली. आमच्या गिरगावच्या घरीही हेच होतं. ताटात डावीकडे मीठ वाढलेलं असायचं आणि बाबा वरणभात कालवायच्या आधीच त्यात बोट टेकवायचे. त्यांना चाळिशीत बीपी लागलं, आईला कधीच नाही.

किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळपास दीड किलो मीठ असतं आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात घेतलं जातं. यातलं साधारण पाव काम किडनीतल्या सूक्ष्म नळ्यांच्या एका भागातल्या, हेनलेच्या वळणाच्या जाड चढत्या नळीतल्या पेशी करतात. काम अंगमेहनतीचं, आणि किडनीच्या त्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी. मिठाला संवेदनशील असलेल्या, म्हणजे मीठ खाल्लं की बीपी चढणाऱ्या उंदरांना खारट खाणं दिलं की या पेशींत सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा उपद्रवी रेणू वाढतो आणि तो नायट्रिक ऑक्साइड संपवतो. मीठ ओढण्याला लगाम घालणारा आणि शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या सैल ठेवणारा हाच रेणू. तो घटला की मीठ अंगात साठतं आणि बीपी चढतं. पुढे टी-पेशी आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी तिथे जमतात, सूज धरते. गाळणीवर पाय रोवून बसलेल्या पोडोसाइट पेशींचे पाय सपाट होतात आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत झिरपू लागतं.

हा तपशील बराचसा उंदरांवरचा आहे, माणसात सगळं असंच घडतं असं नाही. पण दोष किडनीत असू शकतो, हे अमेरिकी संशोधक लुईस डाल यांच्या गटाने १९७४ साली फार सुंदर दाखवलं: संवेदनशील उंदराची किडनी दुसऱ्या, मीठ पचवणाऱ्या उंदराला बसवली, तर त्याचंही बीपी चढलं.

क्रिएटिनिन मात्र किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत नॉर्मल दिसू शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारून लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासून घ्या. बाबांची ही तपासणी कधी झालीच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचाभर. पापड, लोणचं, सुके बोंबील त्यातच धरा. आणि कमी सोडियमचं मीठ परस्पर सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं. किडनी अधू असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.