केमोथेरपी चालू असलेल्या मुलाचे जुलाब थांबत नाहीत आणि शौचाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे. तरीही पोटात जंत असू शकतात का?

तुमच्या सहा वर्षांच्या मुलावर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत, तीन आठवड्यांपासून त्याला पाण्यासारखे जुलाब होत आहेत आणि शौचाच्या तपासणीत काहीच आढळले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. घरात असलेली जंताची गोळी देऊन पाहावी का, असेही विचारले आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि असे नमुने रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, म्हणून तपासणीच्या बाजूने सविस्तर सांगते. औषध कोणते द्यायचे हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. रिपोर्ट नॉर्मल असूनही आतड्यात परजीवी असू शकतो. गोळी मात्र कृपा करून स्वतःहून देऊ नका.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका लहान मुलीचा नमुना आला होता. सोबतच्या चिठ्ठीवर वय आणि ‘जुलाब’ एवढेच लिहिलेले होते. मी नेहमीप्रमाणे काचपट्टीवर थेंब घेऊन पाहिला, जंतांची अंडी दिसली नाहीत, अमिबा दिसला नाही, आणि तसा रिपोर्ट दिला. दोन दिवसांनी वॉर्डातून फोन आला, तेव्हा ती मुलगी केमोथेरपी घेत असल्याचे कळले. शिल्लक नमुन्याची काचपट्टी अ‍ॅसिड-फास्ट या खास रंगपद्धतीने रंगवली, तर निळ्या पार्श्वभूमीवर गडद गुलाबी, गोल ठिपके जागोजागी उठून दिसत होते. ते क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या एकपेशीय परजीवीचे कोष, म्हणजे कवचबंद रूपे होती. पहिल्या दिवशीही ते माझ्या डोळ्यांसमोरच होते, परंतु अवघ्या ४ ते ६ मायक्रॉनचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशीहूनही लहान असलेला हा कोष साध्या तपासणीत यीस्टसारखा दिसतो आणि नजरेतून सहज निसटतो. त्या दिवसापासून चिठ्ठीवर काय लिहिले आहे याकडे मी नमुन्याइतकेच लक्ष देते.

शौचाच्या साध्या तपासणीत मुख्यतः जंतांची अंडी, अमिबा आणि गिआर्डिया हा आणखी एक एकपेशीय परजीवी पाहिले जातात. त्यातही गिआर्डियाचे कोष रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एका नमुन्यावरून निर्वाळा देता येत नाही आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तीन नमुने मागितले जातात. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी काचपट्टी खास रंगाने रंगवून पाहणे, अँटिजेन चाचणी (परजीवीची प्रथिने शोधणारी) किंवा पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) लागते आणि ती नाव घेऊन मागावी लागते.

प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या मुलाला क्रिप्टोस्पोरिडियमची लागण झाली, तर एक-दोन आठवड्यांत जुलाब बहुधा आपोआप थांबतात. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाच्या शरीरात ती लढाई लढायला कुणी नसते. जुलाब आठवडेच्या आठवडे चालतात, वजन उतरते आणि काही वेळा संसर्ग पित्तनलिकेपर्यंत पोहोचतो. नायटाझोक्सानाइड हे औषध यासाठी वापरतात, पण प्रतिकारशक्ती खचलेली असताना त्याचा भरवसा देता येत नाही. म्हणून निदान झाल्यावर केमोथेरपीचे वेळापत्रक थोडे पुढे ढकलायचे का, याचाही विचार डॉक्टरांना करावा लागतो. एवढा मोठा निर्णय ज्यावर अवलंबून आहे, ती चाचणी केवळ मागितली नाही म्हणून राहून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

क्रिप्टोस्पोरिडियमचा कोष क्लोरीनला दाद देत नाही आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरनेही मरत नाही. मुलाचे पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यानंतर किमान एक मिनिट उकळत ठेवावे आणि शौच किंवा डायपर हाताळल्यावर प्रत्येकाने साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवावेत. जुलाब चालू असताना त्याला तरणतलावात नेऊ नये.

आता गोळीबद्दल. घरात जी जंताची गोळी असते ती बहुतेक वेळा अल्बेंडाझोल असते. तिच्या एका मात्रेने गोलकृमीसारखे नेहमीचे जंत जातात, परंतु क्रिप्टोस्पोरिडियमवर तिचा उपयोग होत नाही. शिवाय हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी कमी करते, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत ती जोखीम डॉक्टरांच्या नजरेआड घेणे योग्य नाही.

याहून एक गोष्ट मला अधिक काळजीची वाटते, आणि ती तुम्ही विचारलेली नाही. लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड औषधे पहिल्या टप्प्यात साधारण चार आठवडे आणि पुढेही अधूनमधून दिली जातात. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक कृमी आहे. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. बहुतेक जंतांची अंडी वाढीसाठी बाहेर पडावी लागतात. याच्या अळ्या मात्र आतड्यातच तयार होऊन पुन्हा त्याच माणसाला लागण करू शकतात, म्हणून हा कृमी फारसा त्रास न देता वर्षानुवर्षे शरीरात टिकतो. स्टिरॉइड सुरू झाले की हा तोल बिघडतो, अळ्यांची संख्या बेसुमार वाढते, त्या आतड्याची भिंत भेदून फुप्फुसांत आणि इतरत्र जातात आणि जाताना आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. अशा वेळी मुलाला केवळ जिवाणूंमुळे ताप आला आहे असे वाटते, प्रतिजैविके दिली जातात आणि मूळ कारण मागे राहते. रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढल्या तर एरवी जंताचा संशय येतो, परंतु स्टिरॉइड आणि केमोथेरपी चालू असताना त्या वाढलेल्या दिसतीलच असे नाही. मूल कधी ओल्या मातीत अनवाणी खेळले असेल, तर तसे डॉक्टरांना सांगा आणि या कृमीसाठी रक्तातील अँटिबॉडीची चाचणी करावी का ते विचारा. शौचाच्या एका नमुन्यात त्याच्या अळ्या बऱ्याचदा सापडत नाहीत. यावरचे मुख्य औषध आयव्हरमेक्टिन आहे. अल्बेंडाझोल त्यापुढे कमी पडते.

हे वाचून परजीवीच असणार असेही धरून चालू नका. केमोथेरपीने आतड्याचे अस्तर सोलवटते, प्रतिजैविकांनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचा संसर्ग होतो, विषाणूंमुळेही जुलाब लागतात, आणि ही कारणेही तपासावी लागतात. कारण कळेपर्यंत जुलाब बंद करणारी गोळी विचारल्याशिवाय देऊ नये. मेथोट्रेक्सेट या केमोथेरपीच्या औषधाचा डोस जवळ आला असेल तर जुलाबांविषयी आधी आवर्जून कळवा, कारण शरीरातले पाणी कमी झाल्यास ते औषध लघवीवाटे लवकर बाहेर पडत नाही आणि त्याचे दुष्परिणाम वाढतात. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, शौचातून रक्त, पोट फुगणे किंवा उजवीकडे खाली दुखणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. ताप मोजताना थर्मामीटर गुदद्वारात घालू नका; पेशी कमी असताना तेथील बारीकशी जखमही धोक्याची ठरते.

पुढचा नमुना देताना तो कोरड्या, स्वच्छ डबीत घ्या आणि त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. जुलाबाचा नमुना शक्यतो अर्ध्या तासात प्रयोगशाळेत पोहोचावा, कारण हालचाल करणारे अमिबा आणि गिआर्डिया लवकर मरतात आणि मग ओळखू येत नाहीत. डबी खिडकीत देण्यापूर्वी चिठ्ठी एकदा वाचा. ‘रक्ताचा कर्करोग, केमोथेरपी व स्टिरॉइड चालू, तीन आठवडे जुलाब, क्रिप्टोस्पोरिडियमची तपासणी करावी’ असा मजकूर तिच्यावर नसेल, तर डॉक्टरांकडून तो लिहून घ्या आणि मगच डबी द्या.