वाचकांचे प्रश्न : प्याल्यासाठी पेटलेले युद्ध

प्रश्न : मध्ययुगाच्या अखेरच्या युरोपविषयी वाचताना असे विधान वारंवार आढळते की, शंभर वर्षांचे युद्ध, प्लेगची महाभयंकर साथ आणि एकाच वेळी गादीवर हक्क सांगणारे दोन-दोन पोप यांमुळे सामान्य माणसाची श्रद्धा उडाली आणि त्यातूनच सामाजिक बदल घडले. हे कितपत खरे आहे? तसेच, आपल्याकडे ज्ञानेश्वरीने केले तसे लोकभाषेत धर्म आणण्याचे काम सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन लूथर यांच्यापूर्वी तिकडे कोणी केले होते काय?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपण उल्लेखिलेल्या तिन्ही घटना खऱ्या आहेत, त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. 1347 ते 1351 या काळात प्लेगने युरोपातील निदान एक तृतीयांश माणसे नेली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील युद्ध 1337 मध्ये सुरू होऊन मध्ये मध्ये थांबत 1453 पर्यंत चालले. 1378 पासून एक पोप रोममध्ये आणि दुसरा फ्रान्सच्या बाजूच्या आव्हिन्यो येथे होता, आणि हा तिढा सोडवण्यासाठी 1409 मध्ये पिसा येथे भरलेल्या धर्मसभेने तिसरा पोप निवडून गोंधळात भरच घातली. इतके होऊनही लोक धर्माकडे पाठ फिरवून गेले नाहीत. उलट, धर्माचा जो वाटा आपल्याला मिळायला हवा तो मधल्यामध्ये कोणी अडवून ठेवला आहे, हा प्रश्न ते मोठ्याने विचारू लागले.

इंग्लंडमध्ये 1381 साली झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावाकडे या दृष्टीने पाहावे. साथीनंतर मजूर दुर्मीळ झाले, तेव्हा मजुरी साथीपूर्वीच्या दरावरच रोखून धरणारे कायदे 1349 आणि 1351 मध्ये करण्यात आले. त्यात युद्धाच्या खर्चासाठी डोईपट्टी आली : 1377 मध्ये दर डोई चार पेन्स असलेली ही पट्टी 1381 पर्यंत बारा पेन्सवर गेली. संतापलेल्या लोकांनी लंडनमध्ये घुसून राज्याचा चान्सलर असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपचा शिरच्छेद केला. परंतु त्याच उठावाचा आवाज झालेला जॉन बॉल हा स्वतः धर्मगुरू होता, आणि आदम जमीन खणत होता व हव्वा सूत कातत होती तेव्हा सरदार कोण होता, हा त्याचा प्रश्न थेट बायबलमधून आलेला होता.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रागमध्ये मिळते, आणि तेथे थोडे थांबावे असे मला वाटते. 1391 मध्ये तेथे बेथलेहेम चॅपेल स्थापन झाले ते मुळी चेक भाषेत प्रवचने व्हावीत म्हणूनच. 1402 पासून धर्मगुरू यान हुस तेथे प्रवचने करू लागले. ऑक्सफर्डचे धर्मपंडित जॉन विक्लिफ यांचे ग्रंथ बोहेमियात, म्हणजे प्राग ज्याची राजधानी होती त्या चेक लोकांच्या राज्यात, पोहोचले होते, आणि त्यांच्या प्रेरणेने बायबलचे इंग्रजी भाषांतरही झाले होते. हुस यांनी धर्मगुरूंच्या धनलोभावर बोट ठेवले आणि 1412 मध्ये पापक्षमापत्रांच्या विक्रीला उघड विरोध केला. संस्कृतात बंद असलेली गीता 1290 मध्ये नेवाश्याला मराठीत उतरली, त्याच्याशी याची तुलना फार ताणू नये, कारण दोन्ही समाजांची रचना वेगळी होती; तरीही आळंदी-देहूच्या पालख्या दरवर्षी आपल्या पुण्यात मुक्कामाला उतरताना पाहणाऱ्या वाचकाला, स्वतःच्या भाषेत देवाचे नाव ऐकण्याची ती ओढ परकी वाटणार नाही.

पोपपदाचा तिढा सोडवण्यासाठी कॉन्स्टन्स या जर्मन शहरात भरलेल्या धर्मसभेपुढे येण्यासाठी सम्राटपदाचे दावेदार राजे सिगिस्मुंड यांनी हुस यांना अभयपत्र, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत कौल, दिला होता. नोव्हेंबर 1414 मध्ये ते तेथे पोहोचले, महिना संपायच्या आत कैद झाले आणि 6 जुलै 1415 रोजी त्यांना जिवंत जाळून त्यांची राख ऱ्हाईन नदीत टाकण्यात आली. दिलेला कौल मोडला गेला ही गोष्ट बोहेमियातील माणूस विसरला नाही, आणि विसरू नये अशीच ती होती.

याच सुमारास प्रागमध्ये एक साधी मागणी पुढे आली होती. मिस्सा या चर्चमधील उपासनाविधीत भाविकांना केवळ भाकर मिळे आणि द्राक्षारसाचा प्याला फक्त धर्मगुरूने घ्यावा, अशी रूढी पडली होती. तो प्याला सर्वांना मिळावा, एवढेच लोकांचे म्हणणे होते. हुस यांना जाळण्याच्या तीनच आठवडे आधी धर्मसभेने त्यावर बंदी घातली, आणि तो प्याला बंडाच्या निशाणावर चढला. श्रद्धा उडालेली माणसे प्याल्यासाठी प्राण देत नाहीत. जुलै 1419 मध्ये प्रागच्या नव्या नगरीतील नगरसभेच्या सदस्यांना हुस यांच्या अनुयायांनी, म्हणजे हुसपंथीयांनी, खिडकीतून खाली फेकले, आणि 1420 ते 1431 या काळात बोहेमियावर एकामागून एक पाच धर्मयुद्धे लादली गेली.

ती सर्व परतवली गेली. यान झिश्का या एका डोळ्याने आंधळ्या आणि पुढे दुसराही डोळा गमावलेल्या सेनानीने शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांसारख्याच मालवाहू गाड्या साखळ्यांनी जोडून रणांगणावर कोट उभे केले, आणि त्यांच्या आडून बंदुका व लहान तोफा चालवून घोडदळातील सरदारांना हरवले. आपल्या सैन्याच्या तोंडी असलेला हॉवित्झर हा शब्द त्याच काळातील चेक तोफेच्या नावावरून आलेला आहे.

सामाजिक बदलांविषयी मात्र सावधपणे बोलावे लागेल. 1420 मध्ये वसलेल्या ताबोर या जहाल हुसपंथीयांच्या गावी लोकांनी आपली चीजवस्तू सामाईक पेट्यांत आणून टाकली, पण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत शेतकऱ्यांकडून पुन्हा सारा वसूल होऊ लागला. 1434 मध्ये लिपानीच्या लढाईत मवाळ हुसपंथीयांनीच कॅथलिकांशी हातमिळवणी करून ताबोरकरांचा पराभव केला. चर्चच्या जमिनी गेल्या त्या प्रामुख्याने सरदारांकडे. कुळांच्या वाट्याला फारसे काही आले नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते. पण प्याला मिळाला. 1436 च्या तहाने तो मान्य झाला, पोपने 1462 मध्ये ती मान्यता काढून घेतली, तरी लोकांनी तो सोडला नाही. आणि 1485 मध्ये कुटना होरा येथे कॅथलिक आणि हुसपंथीय या दोन्ही पंथांना समान स्थान देणारा करार झाला, त्यात सरदारांच्या रयतेलाही आपला पंथ निवडण्याची मुभा होती. तेव्हा मार्टिन लूथर दोन वर्षांचेही नव्हते.